परळच्या खेळघरात सोहम दिसेनासा झाला तेव्हा

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि माझ्या नऊ वर्षांच्या इराने घरातल्या सगळ्या उशांचे किल्ले करून झाले होते. म्हणून परळच्या मुलांच्या खेळ-म्युझियमला जायचं ठरवलं. लालबागहून बहिणीच्या सहा वर्षांच्या सोहमलाही घेतलं. त्याच्या दोन्ही कानांना नुकतंच मशीन लागलंय.

"गोंगाट झाला की काढून खिशात टाकतो गं," बहीण म्हणाली. "लक्ष ठेव."

"मी आहे ना!"

आमच्यासारखी गिरगावहून टॅक्सी केलीत तर सकाळी लवकर निघा. तिकीट ऑनलाइन काढा, आणि मोजे न्याच. आम्ही विसरलो. तिथे विकत मिळालेले मोजे इतके हिरवेगार, की सोहम लगेच बेडूक होऊन उड्या मारायला लागला.

आत काय नाही! देवमाशाच्या तोंडातून पोटात शिरायचं. एका भिंतीवर आपण हललो तरी सावली तशीच चिकटून राहते. तिथे माझी सावली चक्क बारीक दिसली. मग ढगांची खोली: पांढऱ्या गाद्यांचे डोंगर, त्यात मुलांपुरते बोगदे. तिथे दोघं घुसले. थोड्या वेळाने इरा एकटीच बाहेर आली.

"सोहम कुठाय?"

"माझ्या पुढेच तर होता!"

मी हाका मारल्या. मग ओरडले. बोगद्यात शिरायला गेले तर खांद्यापाशीच अडकले. पिवळ्या टी-शर्टातली तिथली ताई धावत आली. "मॅडम, दारात मीच उभी होते. बाहेर कोणी गेलं नाहीये." तरी मी हाका मारतच राहिले.

"आई, ओरडू नकोस," इरा म्हणाली. "त्याने मशीन काढलं असणार. ताई, इथले दिवे बंद-चालू करता येतात?"

ताईने बटण तीनदा खालीवर केलं. सगळी पोरं आनंदाने किंचाळली. आणि कोपऱ्यातल्या ढगातून आधी एक हिरवा पाय, मग दुसरा, मग अख्खा सोहम बाहेर आला.

"वीज चमकली! परत कर ना!" तो केवढ्यांदा ओरडला! मी त्याला घट्ट धरलं, तर सुटायची धडपड. मशीन खिशात सुखरूप होतं. ताईने आणखी दोनदा वीज पाडली.

दादरला साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. इराने हळूच विचारलं, "मावशीला सांगायचं?"

"सांगायचं."

लालबागला पोचल्यावर सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, "परवा आमच्या गच्चीवर माझ्याही हातून असंच झालं. कुणाला बोलले नाही मी." आणि जिन्यातच आम्ही दोघी रडता रडता हसत सुटलो.

घरी येऊन फोटो पाहिले, छान आलेत. पण मला आठवत राहिली ती मी: ज्याला ऐकूच येत नव्हतं त्याला आणखी आणखी मोठ्याने हाका मारणारी.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "रविवारी तुझ्याकडे राहायला यायचं म्हणतोय. पाठवू?"

"अगं, विचारतेस काय," मी म्हटलं. "पाठव."