विनायक सांगायचा ते एडिंबरा

फोन आला तेव्हा मी मिल्टन कीन्सच्या साइटवर होतो. नव्याने वसवल्या जाणाऱ्या त्या गावात त्या दिवसांत रस्ते कमी आणि चिखल जास्त. केबिनमध्ये नकाशे पसरून बसलो होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच उषावहिनी म्हणाल्या आणि रिसीव्हर त्यांच्या भावाने घेतला. विनायक हॉस्पिटलात पेशंट तपासता तपासताच कोसळला होता. चाळिशी नुकती ओलांडली होती त्याने. इंग्लंडला येताना बोटीवर एका केबिनमध्ये भेटलेला, पुढे लंडनला कॅमडेनमधल्या एका खोलीत माझ्याबरोबर राहिलेला, गॅसच्या रिंगवर पिठलं करून खाऊ घालणारा माझा मित्र.

अंत्यविधीला त्याचे वरिष्ठ डॉक्टर बोलायला उभे राहिले. उंच, पांढऱ्या केसांचे, एरवी फारसे न बोलणारे गृहस्थ. विनायक कसा माणूस होता हे सांगायला त्यांनी एडिंबराची गोष्ट निवडली. घरमालकिणीने मित्राला काळा म्हणून दारातूनच परत पाठवलं, तर यानेही हातातली किल्ली टेबलावर ठेवली, "मित्राला जागा नसेल तर मलाही नको" म्हणाला आणि दोघांनी रात्र स्टेशनवर काढली. नंतर मुद्दाम माझ्यापाशी येऊन त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे तो मित्र तुम्हीच!"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खरं असं होतं. साठच्या दशकाचा शेवट. आम्हाला दोघांना एकाच वेळी चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. पाठीवर सॅक, उषावहिनींनी, म्हणजे तेव्हाच्या उषा नावाच्या ओळखीतल्या मुलीने, दिलेल्या डब्यात दशम्या, आणि रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवत लॉऱ्या थांबवायच्या. विनायक गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. लॉरीवाले त्याला इटालियन समजायचे, मग तो पुढे आणि मी जरा मागे उभा राहायचो. त्यात आम्हाला दोघांनाही गंमत वाटायची. एडिंबराला पोचलो तर यूथ हॉस्टेल भरलेलं. मग घराघरांच्या खिडक्यांत "जागा आहे" अशा पाट्या शोधत फिरलो. दार उघडायचं, माझ्याकडे बघितलं जायचं आणि जागा नुकतीच गेलेली असायची. शेवटी तो म्हणाला, "दत्ता, तू जरा कोपऱ्यावर थांब. मी एकटा विचारून बघतो."

संध्याकाळ होती, पण तिकडच्या उन्हाळ्यात लख्ख उजेड. मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. ती बाई हसून बोलत होती, विनायक मान डोलावत होता. झालं काम, असं वाटून मी दोन्ही सॅक उचलल्या आणि फाटकापर्यंत गेलो. बाईचं हसू मावळलं. तिने त्याला विचारलं, "हा तुमच्याबरोबर आहे का?"

विनायकने वळून माझ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "एकाच लॉरीतून आलो, तेवढीच ओळख." मग पायऱ्या उतरून आला, माझ्या हातातली त्याची सॅक घेतली आणि आत गेला. दार लागलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो, कारण तो मागच्या दाराने बाहेर येईल अशी माझी खात्री होती. काहीतरी युक्ती असणार त्याची...

रात्र मी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढली. सकाळी तो आला. अंघोळ केलेला, दाढी केलेला. पेपर नॅपकिनमध्ये टोस्ट गुंडाळून आणला होता. "रागावू नकोस रे. दोघांनी बाकावर झोपून काय मिळालं असतं?" मी टोस्ट खाल्ला. भूक लागली होती. दिवसभर आम्ही तो किल्ला, ती टेकडी बघत हिंडलो, आणि त्याने माझे फोटोही काढले.

हे मी विसरलो असतो. खरंच. थकलेला माणूस एखादा शब्द बोलून जातो. पण लंडनला परतल्यावर गणपतीच्या जेवणाला सगळे जमले असताना विनायकने ती किल्ली परत ठेवल्याची गोष्ट सांगितली. माझ्या समोर, माझ्या खांद्यावर हात टाकून! वाडग्यातली खीर मी ढवळत राहिलो. समोर उषा बसली होती, तिचे डोळे भरून आले होते. वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं. वहिनी पुढे हसून म्हणायच्या, "मी त्या किल्लीशी लग्न केलं." त्यानंतर मी काय बोलणार होतो? स्टॅनमोरच्या त्यांच्या घरात दर पार्टीला ती गोष्ट व्हायची, आणि दर वेळी लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो.

परवा स्टॅनमोरला गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी ठरवून गेलो नव्हतो, पण बोलून गेलो. "वहिनी, ती एडिंबराची गोष्ट..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. पाठ माझ्याकडेच होती. "मुलगी लहान असताना आम्ही तिकडे गेलो होतो. मीच हट्ट धरला, ते घर दाखवा म्हणून. दाखवेनात. शेवटी एका कोपऱ्यावर उभे राहिले आणि रडायला लागले. सगळं सांगितलं."

"तुम्हाला सांगितलं," मी म्हणालो. "मला नाही."

"हिंमत झाली नाही त्यांची."

"आणि त्यानंतरही तो ती गोष्ट सांगत राहिला, वहिनी. तुमच्यासमोर. तुम्ही ऐकत राहिलात."

"तुम्हीही ऐकतच होतात ना, भाऊजी?" त्यांनी गॅस बंद केला. चहा गाळत म्हणाल्या, "मी कंटाळले होते हो ती गोष्ट ऐकून... तुम्ही त्यांच्या आठवणी लिहिणार आहात ना? खरं लिहा. मुलगी मोठी झाल्यावर वाचेल."

म्हणून लिहिलं. त्याने मला फाटकात सोडलं ते मी कधीच माफ केलं होतं. पण त्याने रडून मन मोकळं करायला माणूस निवडला, आणि तो मी नव्हतो, हे काही केल्या पचत नाही.

त्या दिवशी निघताना वहिनी म्हणाल्या, "आज राहा. खोली तयार आहे." त्यांच्या घरी जिन्यावरची लहान खोली माझी म्हणून ठेवलेली. मी येणार असलो की विनायक दुसऱ्या कुणाला ती देत नसे, पाहुणे आले तर स्वतः खाली सोफ्यावर झोपे. अंथरूणही तोच घालायचा. मी वर जाऊन दार उघडलं. विनायक गेला त्याच्या आदल्या शनिवारी मी येणार होतो, तेव्हा घातलेली चादर तशीच होती. हॉस्पिटलात घालतात तशी, कोपरे गच्च खोचलेली. उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर भांडं उपडं. त्या शनिवारी साइटवर काम निघालं आणि मी आलो नाही.

चादरीला हात न लावता मी दार ओढून घेतलं. खाली येऊन म्हटलं, "आज नको, वहिनी," आणि गाडी काढली.