दारातलं स्टूल

आमच्या गावात व्यापारी संघ आहे म्हटलं की बाहेरची माणसं हसतात. हसोत बापडी. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि टोकाला संघाची खोली. खोलीत एक लांबलचक टेबल आणि एक पंखा. तो लावला की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बंदच असतो. पण निम्मे गाळे संघाच्या मालकीचे, त्यामुळे संघाला वचकून राहावं लागतं. मी कोपऱ्यावरचा सलूनवाला. माझ्या खुर्चीत बसलं की सगळ्यांची जीभ सुटते, म्हणून मला सगळं कळतं.

संघाचे सेक्रेटरी म्हणजे आमचे खिळेवाले. खिळे, स्क्रू, कड्या, कुलपं विकतात. राग कायम नाकावर. "यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा मला कुणी नियमावली दिली असती तर बरं झालं असतं," असं वहिनी चारचौघांत म्हणतात. संघाचे झाडून सगळे नियम त्यांनीच केलेले. गाळा महिनाभर बंद राहिला तर संघ परत घेणार, हा त्यांचाच. दुकानापुढे ताडपत्री किती काढायची, हाही त्यांचाच. त्या नियमापायी समोरच्या बटणकाकूंना आपली ताडपत्री कापावी लागली आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. वर्षानुवर्षं समोरासमोर बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. शाबास रे बाबांनो!

एक रीत मात्र दोघांनीही मोडली नाही. आमच्या रस्त्यावर जेवायला जाताना कुणी शटर ओढत नाही, दारात स्टूल आडवं ठेवतो. स्टूल दिसलं की समोरच्याने त्या दुकानाचं गिऱ्हाईक बघायचं. त्यामुळे दुपारी काकूंची बटणं खिळेवाले विकत आणि खिळेवाल्यांचे स्क्रू काकू. गिऱ्हाईकाशी गोड, एकमेकांशी अबोला.

एके सकाळी काकू डोळे दाखवायला शहरात निघाल्या. "दुपारपर्यंत येतेच," असं मला सांगून दारात स्टूल ठेवून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला. मावशीला दाखल करून घेतलंय, ऑपरेशन आहे, कधी सोडतील सांगता येत नाही. मी जाऊन खिळेवाल्यांच्या कानावर घातलं.

"मला कशाला सांगतोस?" ते खेकसले. मग उठले, समोर गेले, काकूंचं स्टूल आत सरकवलं आणि शटर ओढून कुलूप लावलं. किल्ली आतल्या खुंटीला असते हे त्यांना ठाऊक होतं, कुलूपही त्यांच्याकडचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शटर वर आणि स्टूल दारात. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे रोजच तेच. कुणी विचारलं की म्हणायचे, "स्टूल आहे ना दारात? मग?"

फक्त बटणांनी त्यांना जेरीला आणलं. काकूंचे खण रंगावार होते. निळ्याच्या खणात लहान-मोठी, चपटी-गोल सगळी निळी. शोधता शोधता गिऱ्हाईक कंटाळून जायचं. एक दिवस खिळेवाल्यांचं डोकं फिरलं. सगळे खण जमिनीवर उलटे केले आणि बटणं मापावार लावली, त्यांच्या स्क्रूंसारखी.

"काकू जीव घेतील तुमचा," मी म्हणालो.

"बोलत नाहीत त्या. न बोलता कसा घेतील?"

महिना उलटला आणि अध्यक्षांनी सभा बोलावली. अध्यक्ष किराणावाले, त्यांच्या पुतण्याला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं आणि डोळा काकूंच्या गाळ्यावर. "काकूंचा गाळा महिनाभर बंद आहे. नियम तुमचाच आहे, सेक्रेटरी," ते साळसूदपणे म्हणाले.

"बंद कुठाय? स्टूल दारात आहे."

"अहो, स्टूल जेवायला जाताना ठेवतात!"

"जेवायला किती वेळ लावायचा, असा नियम मी केलेला नाही."

सगळी खोली हसली. पुतण्या पाय आपटत निघून गेला.

पण गाळा वाचवून उपयोग काय, असं मला वाटलं ते काकू परत आल्या तेव्हा. काळा चष्मा, भाचीचा हात धरलेला. रंग गेले होते. सगळं धुरकट, राखाडी दिसतं म्हणाल्या. "बटणवालीला रंग कळेना, आता काय दुकान चालवायचं?" गाळा सोडून भाचीकडे राहायला जायचं ठरवूनच आल्या होत्या. आत गेल्या आणि शेवटचा म्हणून एका खणात हात घातला.

"हे कुणी केलं?" काकू ओरडल्या. "अहो खिळेवाले! अक्कल गहाण टाकली होती का? माझी सगळी मांडणी!"

रस्ता थबकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकू त्यांच्याशी बोलल्या होत्या. खिळेवाले दारात येऊन अपराध्यासारखे उभे राहिले. "मला सापडेनात," एवढंच म्हणाले.

काकूंचा हात खणातच होता. बोटं बटणांवरून फिरत होती. मग दुसऱ्या खणात, मग तिसऱ्या. तेवढ्यात एक बाई कोट घेऊन आली, खालचं बटण तुटलेलं. काकूंनी वरचं बटण चाचपलं, वळल्या आणि नेमका खण ओढून तिच्यापुढे ठेवला.

"माप हेच. रंग तेवढा तुम्ही बघून घ्या, बाई."

बाई गेल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, निघायचं ना?" काकू म्हणाल्या, "तू हो पुढे. मला दुकान आहे."

दुपारी त्यांनी स्टूल चाचपत दारात आडवं ठेवलं. आणि समोर तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "खिळेवाले, जेवायला जातेय हो. लक्ष ठेवा."

खिळेवाल्यांनी मान हलवली. मग काकूंना ती दिसणार नाही हे लक्षात आलं तसे घाईघाईने म्हणाले, "हो हो, या सावकाश."

मला भरून आलं. हातात वस्तरा होता, म्हणून गिऱ्हाईकाला म्हटलं, जरा थांबा. स्टूल तर काकूंनी ठेवलं होतंच. सांगायची काही गरज नव्हती.