ईसाबेने दोणी वळवली

ईसाबे सोळा वर्षांचा असताना बापाने त्याच्या हातात शार्कचा गळ दिला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी सरकारने तो काढून घेतला. मधल्या सत्तावीस वर्षांत तो दुसरं काहीही शिकला नाही. हुवाधू बेटसमूहाच्या दक्षिण कडेला प्रवाळातल्या कुठल्या खिंडीतून भरतीचं पाणी किती जोराने आत घुसतं आणि कुठल्या महिन्यात शार्क तिथे वर येतात, हे त्याला बेटावरच्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ. शार्कचे पर वाळवून राजधानी मालेच्या व्यापाऱ्याकडे जात, काळजाचं तेल दोणीच्या, म्हणजे होडीच्या, लाकडाला लागे. त्या तेलाच्या वासापायी लग्नानंतरचा पहिला महिना त्याची बायको, राहिला तिचं नाव, त्याच्याकडे पाठ करून झोपली होती, आणि हे ती अजूनही चारचौघांत सांगते.

शार्क मारायला बंदी आली तेव्हा बेटाच्या सभेत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. "मालेत बसून कागद लिहिणाऱ्यांनी इथे येऊन दोन दिवस उपाशी राहून दाखवावं," असं तो उभा राहून म्हणाला. बंदी टळली नाही. दोन वर्षं त्याने दोरखंड वळले, दुसऱ्यांच्या होड्या रंगवल्या, आणि मग मालेच्या नौशादने त्याला आपल्या सफारी बोटीवर घेतलं. बाहेरदेशीचे पाहुणे आठवडाभर त्या बोटीवरच राहत, जेवत आणि दिवसातून तीनदा पाठीला हवेच्या टाक्या बांधून पाण्यात उड्या मारत. मोठी बोट प्रवाळाजवळ नेता येत नाही, म्हणून तिच्यामागे एक दोणी असे. त्या दोणीचा तांडेल ईसाबे. पाहुण्यांना नेमकं कुठे सोडायचं आणि वाहत गेल्यावर नेमकं कुठून उचलायचं, हे त्याचं काम.

पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जाणारी शिऊना त्याच्या थोरल्या मुलीच्या वयाची. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "ईसाबे, आयुष्यभर वरून बघितलंत. एकदा खालून बघा."

"खाली काय आहे ते मला ठाऊक आहे. मीच वर काढायचो."

"मेलेलं काढायचात. जिवंत बघा."

तिने त्याला टाकी बांधली आणि हाताला धरून खिंडीच्या कडेला नेलं. तो खडकाला धरून बसला. थोड्या वेळाने एक पट्टेरी शार्क आला, दोणीच्या अर्ध्या लांबीचा, आणि घाई न करता त्याच्या समोरून गेला. त्याच्या जबड्याचा कोपरा फाटून पुन्हा भरून आलेला होता. गळ तोडून सुटलेल्या शार्कला तशी खूण राहते. तो आपल्याच गळाला लागलेला असेल असं काही नाही, त्या काळी गळ टाकणारे पाचपन्नास जण होते. पण नसेलच असंही नाही. वर आल्यावर शिऊनाने विचारलं, "काय मग?" तो म्हणाला, "थंडी वाजते." त्यानंतर मात्र दर सीझनला दोन-तीनदा तो तिच्याबरोबर खाली जाऊ लागला.

अशी अकरा वर्षं गेली. अकराव्या वर्षीच्या फेब्रुवारीत नौशाद स्वतः बोटीवर आला. धंदा मंदावला होता. दुसऱ्या बेटावरचे लोक पाण्यात माशांची डोकी सोडून शार्क बोलावत आणि पाहुण्यांना पहिल्याच बुडीत चार-चार दाखवत. सफरीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा पाहुणे वेटसूट घालून दोणीत बसले आणि नौशादने दोन खोकी ओल्या गोणपाटाखाली झाकून दोणीत ठेवली. झाकली तरी ईसाबेच्या नाकाला ती कळलीच.

"हे काय आणलंत?"

"कुपा माशाची डोकी. मासळीच्या कारखान्यातून मागवली."

"कालवण करायचंय?"

"शार्कसाठी," नौशाद हसला. "खिंडीच्या तोंडाशी दोरीला बांधून सोडायची. बाकी तुम्हाला काय सांगायचं, तुमचा हात बसलाय त्यात."

"म्हणूनच नाही सोडणार."

नौशादला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "ईसाबे, सात दिवस राहून लोक काय लिहितात ठाऊक आहे? दोन कासवं आणि तांडेलाचं थोबाड बघितलं म्हणून."

"थोबाडाला काय म्हणाले?"

"चेष्टा पुरे. चला आता."

ईसाबेने दोणी खिंडीच्या तोंडाशी नेली. भरती नुकतीच लागली होती, पाणी आत ओढत होतं. तिथे पोचल्यावर त्याने एवढंच सांगितलं, "माणसं सोडतो. डोकी सोडणार नाही. आणि डोकी पाण्यात गेली तर माणसंही सोडणार नाही."

"दोणी माझी आहे," नौशाद म्हणाला.

"हो की. सुकाणूही तुमचंच. या, धरा."

नौशाद काही पुढे आला नाही. मालेत वाढलेला माणूस तो, त्या ओढीत दोणी कशी उभी ठेवायची हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने यंत्रावरच्या खलाशाकडे पाहिलं. खलाशी लगेच वाकून यंत्राचं तेल बघायला लागला. मग नौशादने स्वतःच गोणपाट काढलं आणि एक खोकं कडेला ओढत आणलं. "मी टाकतो. तू गप्प उभा राहा." अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तू निघालं.

ईसाबेने सुकाणू दाबलं. दोणी जागच्या जागी फिरली, एक लाट कडेवरून आत आली आणि नौशादचे बूट भिजले. खोकं सरकत सरकत त्याच्याच पायांवर येऊन थांबलं. पाहुणे एकमेकांना धरून बसले होते. दोणी मोठ्या बोटीकडे परत निघाली तेव्हा टाक्या बांधून तयार बसलेल्यांपैकी कुणालाच काही कळेना.

बोटीच्या डेकवर कॅमेरावाला एक पाहुणा तावातावाने विचारू लागला, बुडी का रद्द केली म्हणून. नौशाद त्याला ओढीचं कारण सांगू लागला. ईसाबे शिऊनाला म्हणाला, "मी सांगतो. तू त्यांच्या भाषेत सांग."

"सांगते. पण मऊ करून सांगणार नाही."

"मऊ कशाला करायचं?"

मग तो पाहुण्यांसमोर उभा राहिला, हात मागे बांधून. म्हणाला, "मी सत्तावीस वर्षं शार्क मारले. कसे मारले ते ऐका. एकाच जागी तीन दिवस कुप्याची डोकी सोडायची. गळ लावायचा नाही, नुसतं खायला द्यायचं. दुसऱ्या दिवशी ते लवकर येतात. तिसऱ्या दिवशी डोकी सोडावीच लागत नाहीत, नुसता इंजिनाचा आवाज ऐकून दोणीखाली येऊन थांबतात. चौथ्या दिवशी गळ. शिकार म्हणजे एवढंच. आमच्या मालकांना शार्कला तेच शिकवायचंय, फक्त चौथा दिवस नको. पण चौथ्या दिवशी कुणाची दोणी येईल हे शार्कला कसं कळणार? चोरून गळ टाकणारे अजून आहेत. मी त्यांना नावानिशी ओळखतो, आमच्याच बरोबरचे आहेत."

शिऊनाने शब्दाला शब्द सांगितलं. कॅमेरावाला म्हणाला, मी इतक्या लांबून शार्क बघायला आलोय. ओर्नेला नावाची एक इटालियन बाई होती, तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेली. ती त्याला म्हणाली, "माझ्या ट्राममध्येही तुझ्यासारखे यायचे. सिग्नल तोड म्हणायचे." बाकीच्यांचं एकमत होईना. शेवटी दुपारच्या भरतीला डोक्यांशिवायच बुडी झाली. सहा-सात करडे शार्क लांबून दिसले, वटवाघळासारखे पंख पसरून जाणारे मासे दिसले. पट्टेरी शार्क आला नाही. कॅमेरावाल्याने वर येऊन पायांतले रबरी पंख आपटले. ईसाबेने त्याला हात देऊन दोणीत घेतलं आणि चहा पुढे केला. तो त्याने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर नौशादने त्याला सर्वांत जवळच्या बेटाच्या धक्क्यावर उतरवलं. रागाने नाही. तो म्हणाला, "तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण बोट कुणाच्या सांगण्यावर चालते हे खलाशांना कळायला हवं."

"त्यांना काल कळलं," ईसाबे म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावली.

शिऊनाही आपली बॅग घेऊन आली होती. त्याने ती तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा बोटीत ठेवली. "तू उतरलीस की यांचं सोपं होईल. राहा आणि नाही म्हण. नाही म्हणायलाही तिथे असावं लागतं."

फेरीबोटीने तो घरी पोचला तेव्हा राहिला अंगणात नारळाचा काथ्या वळत बसली होती. तिने पिशवीकडे पाहिलं.

"काढलं?"

"काढलं."

"काय बोललात?"

त्याने सांगितलं. ती काथ्या वळतच राहिली. "सत्तावीस वर्षं मारताना नाही सुचलं हे."

"तेव्हा सुचलं असतं तर तुला काय खायला घातलं असतं?"

"आणि आता काय घालणार?"

"गरुधियाचा रस्सा आणि रोशी."

"रोशीच्या पोळ्या मीच करते," राहिला म्हणाली. "रश्शाला तुम्ही मासे आणा."

बंदरावरच्या झाडाखाली बसणाऱ्यांनी त्याला शार्कांचा जावई असं नाव ठेवलं. एकाने मुद्दाम आठवण करून दिली, "बंदी नको म्हणून सभेत ओरडणारा तूच ना रे?"

"मीच."

"मग तुझं ठरलंय तरी काय?"

"तेव्हा मला कळत होतं त्यावर ओरडलो. आता कळतंय त्यावर ओरडतो. तू कशावर ओरडला होतास?"

त्या माणसाने तोंडात सुपारी टाकली. नाव मात्र चिकटलं. दुसऱ्या कुठल्याही सफारी बोटीने ईसाबेला काम दिलं नाही. तोंडाळ तांडेल कुणालाच नको असतो. त्याने बापाची जुनी छोटी दोणी दुरुस्त केली आणि तो रोज कुप्याला जाऊ लागला. हात पहिल्यासारखे चालत नव्हते. कधी मासे मिळत, कधी नुसतं ऊन खाऊन परत.

पुढच्या जानेवारीत नौशादचा फोन आला. नवीन तांडेलाला दक्षिणेचं पाणी कळत नव्हतं, दोनदा पाहुणे अर्धा तास समुद्रात तरंगत राहिले होते. "या परत. झालं गेलं सोडून द्या."

"खोकी?"

"खोकी आहेत. सगळेच करतात आता."

"मग नाही," ईसाबे म्हणाला आणि त्याने फोन राहिलाला परत दिला.

फेब्रुवारीत सफारी बोट त्यांच्याच बेटाजवळच्या खिंडीपाशी येऊन उभी राहिली. सकाळी ईसाबे छोटी दोणी घेऊन तिकडे गेला. डोकी सोडायची तर ती एकाच ठिकाणी सोडावी लागतात, जिथून वास ओढीबरोबर आत जाईल तिथे. नेमक्या त्याच जागी त्याने नांगर टाकला आणि तो बसून राहिला. नौशादची दोणी जवळ आली. कडेला शिऊना उभी होती. तिने ईसाबेला पाहिलं आणि तोंड फिरवलं, हसू लपवायला.

"ईसाबे, बाजूला घ्या," नौशाद म्हणाला.

"समुद्र मोठा आहे. तुम्ही घ्या."

"काय करताय इथे?"

"बसलोय."

"आम्ही डोकी टाकणार आहोत. टाकू की नको हे तुम्हाला विचारत नाही."

"टाका ना. मी बघतो, आणि शिऊना पाहुण्यांना सांगेल मी कोण होतो आणि काय बघतोय ते."

शिऊना पाहुण्यांकडे वळून लगेच सांगू लागली. सगळे त्या म्हाताऱ्याकडे बघायला लागले. नौशादने खोक्यावर हात ठेवला, मग उचलला. त्या दिवशी डोकी पाण्यात गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी राहिलाही दोणीत येऊन बसली, रोशीचा डबा आणि सुपारी घेऊन. "एकटे बसलात तर वेडे दिसता," ती म्हणाली. नौशादची दोणी आली की ती फोन उभा धरायची. तिला त्यातलं चित्रण काही जमत नव्हतं, पण ते नौशादला कुठे ठाऊक? तिसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी नौशादनेच विचारलं, "किती दिवस बसणार असे?"

"तुमची सफर किती दिवसांची?"

"सात."

"माझी पुढच्या पावसाळ्यापर्यंत आहे."

पाचव्या दिवशी सकाळी बोट नांगर उचलून उत्तरेकडे गेली. पुढच्या आठवड्यात ती परत येणार, हे ईसाबेला ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्या खिंडीत डोकी टाकतील, हेही ठाऊक होतं. तिथे तो पुरा पडणार नव्हता. बोट दिसेनाशी झाल्यावर राहिलाने डब्याचं झाकण लावलं.

"आता घरी?"

"भरती संपेपर्यंत बसू," तो म्हणाला. "कुणी तरी येईल, खालून."

"शिऊना म्हणत होती, खाली जाऊन बघता येतं."

"येतं की."

"मला नाही जायचं," राहिला म्हणाली आणि दोणीच्या कडेवरून वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिली.