हंसाची कातडी आणि आईचं सूप

हिवाळी कोटाच्या खिशात ट्रामची जुनी तिकिटं साठत जातात. फेकायला म्हणून मूठभर काढावीत, तर प्रत्येक तिकीट कुठल्या फेरीचं ते आठवतं आणि सगळी परत खिशात जातात. यांच्या इन्स्टिट्यूटमधल्या किश्शांचं माझ्याकडे तसंच झालंय. म्युनिकला येऊन जेमतेम वर्ष झालं, पण खिसा फुगलाय!

मी चारचौघांत फारशी बोलत नाही. त्यामुळे लोक माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. तोटा त्यांचा!

*

सुरुवात पुण्यातली. आमच्या लग्नाची बैठक चालली होती. काकांनी विचारलं, "मुलगा जर्मनीत नेमकं करतो काय?"

"गाणं ऐकताना अंगावर सुखाचे शहारे येतात ना, त्यावर संशोधन करतोय," मुलाकडच्यांनी सांगितलं.

काका गंभीर झाले. बराच वेळ सुपारी चघळून म्हणाले, "मग, औषध सापडलं का?"

सगळ्यांत मोठ्याने हसला तो खुद्द मुलगा. माझा होकार तिथेच झाला.

*

शहाऱ्याला इथे म्हणतात गेन्झेहाउट, म्हणजे पिसं काढलेल्या हंसाची कातडी. इन्स्टिट्यूटमध्ये माणसाला खुर्चीत बसवायचं, बोटांना तारा लावायच्या, काहीतरी ऐकवायचं आणि सरकत्या कागदावर सुई किती उडते ते पाहायचं. हातावरचा काटा भिंगातून मोजायचा तो वेगळाच.

प्रोफेसरांचं मत ठाम होतं: असा शहारा थोर संगीतानेच येतो. हे म्हणत, घरातल्या बारीकसारीक आवाजांनीही येतो. "ईस्टरपर्यंत दाखवा, नाहीतर विषय बदला," प्रोफेसरांनी बजावलं होतं. विषय बदलायचा म्हणजे दोन वर्षांचं काम पाण्यात. शिष्यवृत्ती तोवर संपणार आणि हे पदवीशिवाय पुण्याला परत!

*

इंजिनियरिंगचे भिडे म्हणजे यांचे मित्र आणि खुर्चीतलं हक्काचं गिऱ्हाईक. जानेवारीत एकदा हे त्यांना कसलासा पानांच्या सळसळीचा आवाज ऐकवत होते. अचानक सुई कागदाच्या पार कडेला गेली. भिड्यांच्या दोन्ही हातांवर टरारून काटा!

"भिडे, काय वाटतंय? नेमकं सांगा!" हे आनंदाने ओरडले.

"खिडकी लावा हो आधी! मेलो!"

मागे खिडकी सताड उघडी होती. बाहेर बर्फ पडत होतं.

तो कागद फाडून टाकता आला असता. यांनी त्यावर 'खिडकी' असं लिहून तो फाइलला लावला. त्या खरेपणासाठी मी त्या दिवशी शिरा केला.

*

प्रोफेसरांच्या सेक्रेटरी फ्राऊ लेमान भाविक बाई. चर्चमधल्या ऑर्गनची रेकॉर्ड लावली की डोळ्यांतून धारा, सुई मात्र ढिम्म. एकदा त्यांच्या बोटांना तारा तशाच होत्या, तेवढ्यात प्रोफेसर कसल्याशा कागदावर सही करायला टेबलाशी आले. निब कागदावर करकरलं आणि सुई तीनदा उडाली!

"फ्राऊ लेमान, हा आवाज आवडतो तुम्हाला?" यांनी हळूच विचारलं.

"आल्झो… म्हणजे," त्या लाजून म्हणाल्या, "तो माझ्या रजेचा अर्ज होता."

प्रोफेसर म्हणाले, "हा रजेचा परिणाम आहे. आवाजाचा नव्हे." पुरावा बाद!

*

आता माझं. लहानपणी शिंप्याच्या दुकानात मी उगीच बसून राही. कात्री कापडातून सरसर गेली की टाळूपासून मानेपर्यंत मुंग्यांची गोड रांग उतरायची. सगळ्यांनाच असं होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नाही, अशी माझी समजूत होती.

आईने माझ्या ट्रंकेत बळेबळेच सूप घातलं होतं. इथला तांदूळ पाकिटातला, खडा नाही की कोंडा नाही. तरी मी रोज पाखडायची. एकदा हे दारात येऊन उभे राहिले.

"अगं, स्वच्छ आहे की तो!"

"माहीत आहे."

"मग?"

मी पाखडतच राहिले. यांची नजर माझ्या हातावर गेली. धावत जाऊन हे भिंग घेऊन आले. नव्या नवरीचा हात हातात घेऊन बाकीचे नवरे काय म्हणत असतील ते असतील. हे म्हणाले, "हलू नकोस, मोजतोय!"

*

सुपाचा आवाज टेपवर घेतला. मायक्रोफोन भिड्यांनी धरला होता. टेप लावली तर कुणीतरी भजी तळत असल्यासारखं वाटलं. माझी सुई ढिम्म!

"वहिनी, भूक मात्र लागली," भिडे म्हणाले.

म्हणजे आता इन्स्टिट्यूटमध्ये सूपच न्यायला हवं. ट्राममध्ये कंडक्टरने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "वाद्य आहे का?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हे म्हणाले. छाती अशी पुढे काढून, की त्याने आम्हाला खिडकीजवळची जागा करून दिली.

*

ईस्टरच्या आधीचा गुरुवार. खोलीत हे, भिडे, फ्राऊ लेमान आणि प्रोफेसर. माझ्या बोटांना तारा लावायला हे पुढे आले, तर प्रोफेसर म्हणाले, "पत्नीचा पुरावा मी मानत नाही. मी बसतो. चाळीस वर्षं मैफली ऐकतोय, माझा एक केस कधी उभा राहिला नाही."

त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या. आधी मोठ्या वाद्यवृंदाची रेकॉर्ड लावली. सुईने पट्टीने आखावी तशी सरळ रेघ ओढली.

मग यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमेल तेवढं कर," एवढंच मराठीत म्हणाले.

प्रोफेसरांच्या पाठीमागे स्टुलावर बसून मी तीन मुठी तांदूळ सुपात घेतले. पहिल्या दोन झोक्यांना दाणे वेडेवाकडे उडाले. मग आई पाखडते तसं मनगट सैल सोडलं. दाणे एकसाथ उठत होते, एकसाथ पडत होते, कडेला सरकून परत येत होते. सर्र… सळ्ळ. सर्र… सळ्ळ. भिड्यांनी खिडकी दोनदा तपासली. बंद होती.

सुईकडे पाहायचा मला धीर होईना. काहीतरी बिनसलं असं वाटून मी हात थांबवला.

प्रोफेसरांनी डोळे उघडले नाहीत. उघडा हात तसाच खुर्चीवर टाकलेला, त्यावरचा केस न् केस उभा.

"फ्राऊ साठे," ते अगदी हळू म्हणाले, "तो तांदूळ अजून स्वच्छ झालेला नाही, असं मला वाटतं."