आत्याने उलटा बेतलेला राजा

माझ्या आत्याने राजाला वर्षानुवर्षं उलटा अंगरखा घातला, आणि हे सगळ्या तंजावूरमध्ये फक्त तिलाच कळलं.

आज तारखेने तिला जाऊन वर्ष झालं.

देवनागरीत लिहितेय म्हणजे आमच्या घरातले फक्त तमिळ वाचणारे अर्धे लोक हे वाचणार नाहीत. त्यांना व्हॉइस नोट पाठवेन.

आत्या कॉलेजात गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात नाटकाचे कपडे बेतायची. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली आम्ही मराठी मंडळी दरवर्षी जुन्या दरबारी थाटाचं एक नृत्यनाट्य करतो. त्यातला राजा मी. उंच आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही.

राजाचा अंगरखा बेतायचा तर नमुना हवा. तसला जुना कपडा कुणाच्याच घरी उरला नव्हता.

पण आमचं नाटक बसवणारे तात्या आहेत, त्यांच्या देवघरात काचेवर रंगवलेलं राजाचं चित्र आहे. पायघोळ अंगरखा, छातीवर कापडाचा गोल पडदा, बगलेखाली बंदांची गाठ.

आत्याला त्यावर बटर पेपर ठेवून गिरवायचं होतं. पण काचेवर पिढ्यान्‌पिढ्यांचं गंध-कुंकू. तात्यांच्या घरात ते पुसत नाहीत, त्यावर काही ठेवतही नाहीत.

"मग मागून काढते," आत्या म्हणाली.

फ्रेमची मागची फळी काढली, काच खिडकीच्या उजेडाला धरली आणि मागून फक्त कपडा गिरवून घेतला.

मागून गिरवलं की डावं उजवीकडे जातं. गणिताच्या बाईंना ते त्या दिवशी सुचलं नाही.

चित्रात राजाची पाठ नसते. ती तिने माझ्या अंगावर काढली. मला स्टुलावर उभं करून मांजरपाट लपेटायचा, टाचण्या लावायच्या, मग खडूने रेघ मारायची. ते उतरवून त्यावरून कागदी पॅटर्न.

"टोचतंय गे."

"राजाला टोचत नाही. सरळ उभी राहा."

अंगरखा झाला मात्र देखणा. गिरकी घेतली की घेर असा फुलायचा की पहिल्या रांगेतली पोरं मागे सरकायची.

गाठ उजव्या बगलेखाली. सिंहासनावर बसण्याआधी त्या गाठीला हात लावायची मला सवयच लागली. लोकांना तो अभिनय वाटायचा. मी गाठ सुटली नाही ना ते बघत असे.

मग एका नवरात्रात तात्यांकडे घर रंगवायला काढलेलं, म्हणून ते चित्र हॉलमध्ये नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्यांशेजारी ठेवलं होतं. आत्या समोर बसून प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खात होती.

खाता खाता थांबली.

"ए, इकडे ये. तुझी गाठ कुठे असते गे?"

मी उजवी बगल दाखवली.

चित्रातल्या राजाची गाठ त्याच्या डाव्या बगलेखाली होती.

तिने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "अय्यो. अस्का राजाच उलटा होऊन गेला." अस्का म्हणजे अख्खा.

तात्यांनी समजूत घातली. "जाऊ दे अक्का. इतक्या वर्षांत कोणी विचारलं?"

"मी विचारते की आता."

तिला तो नवा बेतायचा होता. राजा एकदा तरी सरळ स्टेजवर बघायचा आणि मगच जायचं, असं ती कुणी भाजीचं नाव घ्यावं तितक्या सहज बोलायची.

अडचण एकच. तोवर तिचे हात थरथरायला लागले होते. चहाचा टंबलर धरवत नव्हता, कात्री कुठली धरवणार.

म्हणून कापड मी कापलं. हॉलमध्ये जमिनीवर रेशीम पसरलेलं, वर तोच जुना कागद पालथा, आणि आत्या खुर्चीत. कागदावर तिने मला आधी मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं: ही बाजू वर.

"मध्येच कात्री उचलू नको. भ्यायलीस काय?"

"हो."

"सरी, चालेल. भीत भीतच काप. पण उचलू नको."

कच्चे टाके घातले. बिनबाह्यांचा तसाच अंगात चढवून मी तिच्या पलंगापाशी उभी राहिले. तिने बोटांनी डाव्या बगलेखालची गाठ चाचपली.

"पोदुम, पुरे. आता स्टेजवर बघते. आणि बाह्या जुन्याच लाव. त्या बिचाऱ्या कुठे चुकल्या?"

प्रयोग व्हायच्या आत ती गेली.

वर्षभर घरात सुतक-श्राद्धाचं चाललं होतं, मी नाचले नाही. तिथीने वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात उरकलं.

काल प्रयोग झाला.

नवा अंगरखा, जुन्या बाह्या. बाह्यांचा रंग जरा उतरलाय, पहिल्या रांगेत कळला असेल. कळू दे.

पहिल्याच प्रवेशात सिंहासनाशी आले आणि सवयीने हात उजव्या बगलेशी गेला.

तिथे काहीच नव्हतं.

मला ठाऊक होतं की नसणार. तरी हात तिथेच राहिला. मृदंगवाल्याने एक आवर्तन जास्त वाजवलं. विंगेतून तात्या कुजबुजत होते, "डावीकडे, अम्मा, डावीकडे."

नंतर एक बाई येऊन म्हणाल्या, तो राजा विचारात पडतो ते फार छान केलंत.

मी हो म्हणाले. आत्या हवी होती, पहिल्या रांगेत, चष्मा पुसत, एवढंच डोक्यात होतं हे त्यांना काय सांगणार.

आत्या, राजा सरळ झाला गे. गाठ डावीकडे आहे, आणि सुटली नाही.

तुला भरल्या मनाने नमस्कार.