धर्मपाल मशीन बदलतो

धर्मपाल तायडे अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होता. नुसता टायपिस्ट नव्हे, न बघता टाईप करणारा टायपिस्ट. हा फरक नीट समजावून सांगितल्याशिवाय तो कोणाला जाऊ देत नसे. नजर मसुद्यावर हवी आणि दहाही बोटं कळांवर. कळांकडे बघून टाईप करणं म्हणजे आरशात तोंड शोधून घास घालणं, असं त्याचं स्पष्ट मत होतं. त्याचं मशीन सुरू झालं की शेजारचे कारकून गप्प बसत, कारण बोललेलं ऐकूच येत नसे.

घरीही त्याच्याकडे एक इंग्रजी मशीन होतं, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून मिळालेलं. त्यावर तो काय वाट्टेल ते टाईप करायचा. किराण्याची यादी इंग्रजीत, धोब्याच्या कपड्यांची यादी इंग्रजीत, मोरीचा नळ गळतो अशी घरमालकाला सूचनाही इंग्रजीत. घरमालकाला इंग्रजी येत नव्हतं आणि नळ गळतच राहिला. किराण्याच्या यादीचं मराठी त्याची बायको ललिता दुकानाच्या वाटेवर मनातल्या मनात करून टाकायची.

बिचाऱ्याचा नाइलाज होता, कारण त्याचं हस्ताक्षर. इतकं वाईट अक्षर शिकलेल्या माणसाचं असू शकतं यावर लोकांचा विश्वास बसत नसे. आपण काय लिहिलंय हे दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाही लागत नसे.

दर्यापूरजवळच्या खेड्यात त्याचे आईवडील राहत. वडील पुंजाजी. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे धर्मपालचं पोस्टकार्ड आलं की ते गावातल्या जानरावकडे जायचं. गावात तसलं अक्षर लावणारा तो एकटाच, पण जानराव नुसता वाचत नसे. तो त्यात भर घालायचा, सल्ले द्यायचा, आणि ओट्यावर चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचा. ललिताला ताप आल्याचं एका कार्डात होतं, तर तो नवराबायकोच्या भांडणामुळे आला असावा असं जानरावने आपल्या पदरचं वाचलं आणि महिनाभर गावात तेच चाललं. पुंजाजींना याचा फार राग होता. आपल्याच पोराचं पत्र आपल्यालाच सर्वांत शेवटी कळतं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

म्हणून गावात मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाले तेव्हा साठी ओलांडलेले पुंजाजी पहिल्या रांगेत जाऊन बसले. मास्तर त्यांच्या पोराच्या वयाचा होता, पण पुंजाजी त्याला गुरुजीच म्हणत. वर्षभरात ते वाचू लागले. फक्त एक अडचण होती. ते पुस्तकावरून शिकले होते आणि छापील अक्षर तेवढं त्यांना कळायचं. हाताने लिहिलेलं पुढे आलं की सगळं अडायचं, आणि त्यात ते धर्मपालने लिहिलेलं असलं तर विचारायलाच नको.

एकोणीसशे त्रेसष्टच्या उन्हाळ्यात धर्मपाल गावी गेला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवलं.

"आता म्या वाचतो," ते म्हणाले. "पन छापील वाचतो. तू कचेरीत मशीनवर लेयतं ना? मंग मले मशीनवरचं पत्र धाड, मराठीत. मरायच्या आंधी पोराचं येक पत्र माह्या डोयानं वाचाचं हाय. जानरावच्या तोंडून आता काईच ऐकाचं नाई."

धर्मपाल हो म्हणाला. त्यात काय एवढं, असंच त्याला वाटलं.

कचेरीत मराठी मशीन येणार येणार म्हणून दोन वर्षं चाललं होतं. शिवाय सरकारी मशीनवर घरचं पत्र टाईप करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. अकोल्याला त्याच्या ओळखीचे देवराव टायपिंगचा क्लास चालवायचे. त्यांच्याकडे एक मराठी मशीन धूळ खात पडलं होतं, कारण शिकायला येणाऱ्या सगळ्यांना इंग्रजीच हवं होतं. एका रविवारी धर्मपाल आपलं इंग्रजी मशीन घेऊन अकोल्याला गेला, ते देवरावांना दिलं आणि त्यांचं मराठी मशीन घेतलं. देवरावांनी त्याला दोनदा विचारलं की नक्की ना. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, पण ती त्या वेळी धर्मपालच्या लक्षात आली नाही. येताना गाडीत तो मशीनची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मूर्तिजापूरला चढलेल्या एका म्हातारीला ती हार्मोनियम वाटली आणि एखादं भजन होऊ द्या म्हणून ती बडनेऱ्यापर्यंत त्याच्या मागे लागली.

घरी आल्यावर धर्मपालने मशीन मांडलं आणि क्लासात शिकवतात तसा हातांवर पंचा टाकून घेतला, कळा दिसू नयेत म्हणून. मान ताठ करून त्याने ‘तीर्थरूप’ हा शब्द टाईप केला आणि कागद बाहेर काढला. कागदावर जे उमटलं होतं त्यात एकही अक्षर बरोबर नव्हतं, आणि जी आली होती ती एकमेकांच्या अंगावर चढली होती.

डोक्याला मराठी कळत होतं, बोटांना कळत नव्हतं. बारा वर्षं ती बोटं इंग्रजी कळांवर नांदली होती आणि या नव्या घरात ती प्रत्येक वस्तू जुन्याच जागी शोधत होती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, काही अक्षरं अर्धी मारून मग त्यांना काना जोडायचा, असल्या तऱ्हा. धर्मपाल मशीनवर चिडायचा, देवरावांवर चिडायचा, आणि एकदा तर बाराखडीवरच चिडला. आठ दिवस तो कचेरीतून आला की पंचा घेऊन बसायचा. त्यामुळे कचेरीत त्याचं इंग्रजीही बिघडू लागलं. हेडक्लार्क भगवंतरावांनी एक पत्र परत पाठवलं आणि प्रकृती बरी आहे ना, अशी चौकशी केली.

नवव्या दिवशी तो घरी आला तर मशीनमध्ये एक कागद अडकवलेला होता. त्यावर नीटनेटक्या मराठीत किराण्याची यादी होती. तूर डाळ, गूळ, खडेमीठ, काड्यापेटी. एक चूक नाही.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी," ललिता म्हणाली. "दुपारी जरा बसली होती. कळीवर अक्षर लेयलेलंच तर हाय. पायलं का दाबाचं."

"बघून केलंस?"

"मंग डोये कायले हाय?"

धर्मपाल त्या रात्री नीट जेवला नाही. ज्या बाईने उभ्या जन्मात मशीनला हात लावला नव्हता, तिने आठ दुपारींत ते जिंकलं होतं, कारण तिला काही विसरायचंच नव्हतं. पत्र मी टाईप करून देऊ का, असं तिने विचारलं तेव्हा मात्र तो ठाम नाही म्हणाला. बापाने पोराचं पत्र मागितलं होतं, सुनेचं नव्हे. हे त्याचं खरंच होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने पंचा खुंटीला टांगला, दोन तर्जन्या पुढे काढल्या आणि कळांकडे बघत टाईप करायला बसला. कोणी बघू नये म्हणून दार लावून घेतलं होतं. एकेक अक्षर शोधण्यातच इतका जीव जात होता की मजकूर काय लिहावा याचा विचार करायला डोक्यात जागाच उरली नाही. मग डोक्याने जे बारा वर्षं केलं होतं तेच केलं. मशीनसमोर बसल्यावर त्याला लिहायची एकच तऱ्हा ठाऊक होती. दुपारी तीन वाजता कागद तयार झाला, तो असा :

प्रति, श्री. पुंजाजी गोमाजी तायडे यांस. विषय : येथे येण्याबाबत. संदर्भ : आपली तोंडी सूचना. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. तरी आपण सवडीनुसार येथे समक्ष उपस्थित राहावे. येताना भुईमुगाच्या शेंगा सोबत आणाव्यात. आपला विश्वासू.

खाली त्याने झोकात सही केली, नेहमीची, इंग्रजीत. कागदाच्या तीन घड्या घातल्या, खाकी लिफाफ्यात घातला आणि ललिताला न दाखवता टपालपेटीत टाकून आला. येताना तो शीळ घालत होता.

पाचव्या दिवशी कचेरीचा शिपाई त्याच्या टेबलाशी आला आणि म्हणाला की बाहेर तुमचे वडील उभे आहेत.  धर्मपालला वाटलं, आईचं काही बरंवाईट झालं. तो धावतच व्हरांड्यात गेला.

पुंजाजी धुतलेलं धोतर आणि ठेवणीतला सदरा घालून उभे होते. खांद्यावर अर्धं पोतं होतं. आई बरी आहे म्हणाले. मग पोतं खाली ठेवून त्यांनी सदऱ्याच्या आतून तो कागद काढला.

"मले सरकारनं बलावलं," ते हळू आवाजात म्हणाले. "शेंगा बी मांगतल्या. कोन्या सायबाले द्याच्या, थे काई लेयलं नाई. म्हटलं, तुले इचाराव."

धर्मपालने कागद बघितला आणि त्याला तोंड लपवावंसं वाटलं. एवढ्यात भगवंतराव पान थुंकायला बाहेर आले. त्यांनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, धर्मपालकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, आणि एक शेंग फोडून तोंडात टाकत आत निघून गेले. आतून लगेच हसण्याचा आवाज आला.

"बा, तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?" धर्मपालने विचारलं.

"कोनी नाई. म्याच वाचलं. दोन दिवस लागले. वावराच्या धुऱ्यावर बसून वाचलं, जानरावले कागद दिसू नाई देला." त्यांनी कागद परत घेऊन त्याची नीट घडी घातली. "येक मले समजलं नाई. सरकारची मंडळी खुशाल हाय, हे मले काहून कयवते?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते पत्र सरकारचं नाही, माझंच आहे, असं धर्मपालने खाली मान घालून सांगितलं. मशीन बदललं तेही सांगितलं, बोटांचं सांगितलं, आणि साहेबी मजकुराखेरीज आपल्याला दुसरं काही सुचलं नाही हेही कबूल केलं.

 पुंजाजी म्हणाले, तुझं असतं तर दर कार्डासारखा वर जयभीम नसता का.  बाप स्वतः वाचणार ते पहिलंवहिलं पत्र लिहिताना आपण जयभीमही विसरलो, याची धर्मपालला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

पुंजाजींनी पुन्हा कागद उलगडला. या वेळी त्यांनी बोट ठेवलं ते पहिल्या ओळीवर.

"मंग हे श्री बी तूच लावलं?"

"हो."

"गुरुजी सांगे, मानाच्या मानसाच्या नावापुढं लागते म्हनून. आजपावतर कागदावर म्या पुंज्याच होतो. पुंज्या वल्द गोम्या. खाली आंगठा." ते थांबले. "मले वाटलं, आता सरकारनंच लावलं. सारी वाट यष्टीत थेच पाहात आलो."

धर्मपाल काहीतरी समजुतीचं बोलायला गेला, पण पुंजाजींनी हाताने त्याला थांबवलं. त्यांचा चेहरा क्षणभर पडला होता, तो विचार करता करता हळूहळू उजळत गेला.

"बरं झालं तुहंच हाय थे," ते म्हणाले. "सरकारनं येकडाव लावलं असतं. तू त दर पत्राले लावशीन."