कानातलं कुंकू

मला कमी ऐकू येतं, ही बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी माझ्यापर्यंत पोचली.

तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशिनींशेजारी काढली. तिथे सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे कोणाला ऐकू येतं आणि कोणाला नाही हा प्रश्नच कधी उठला नाही. रिटायर होऊन पनवेलला घरी बसलो आणि लोक अचानक पुटपुटायला लागले! बायको पुटपुटायची, टीव्हीवरची बातम्यावाली पुटपुटायची, मुलगी तन्वी तर नुसते ओठ हलवायची. या देशात आता कोणाला तोंड उघडून बोलायला नको, असं माझं स्पष्ट मत झालं. (ते मी मोठ्याने सांगायचो. खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं.)

तन्वीने आपलं लग्न आपणच जमवलं होतं. मुलगा निखिल, उरणजवळच्या मोऱ्याचा, घरच्या दोन बोटी. आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या आईने, मंदाताईंनी, ताटं घेण्याआधी मला हळू, आदबीने तीनदा विचारलं, "आमचे घरचा जेवान चालंल ना तुमाला?" मी तिन्ही वेळा मंद हसलो आणि पंख्याकडे बघितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, म्हणून भेट संपली असं समजून उठलो आणि चपला घातल्या!

दुसऱ्या दिवशी मंदाताईंचा निरोप आला. पोरगी गोड हाय, पन बाप लय शिष्ट. आमचे घरचा घास नको त्याला.

तन्वीचे डोळे रडून सुजले होते. "बाबा, त्या एकदाच येणार आहेत आपल्याकडे. पंधरा दिवसांनी, रविवारी. तेव्हाही तुम्ही असंच केलंत, तर हे लग्न होणार नाही."

"अहो, सरळ सांगून टाका ना ऐकू येत नाही म्हणून," बायको म्हणाली.

"बहिरा म्हणतील मला!"

"सध्या शिष्ट म्हणतायत."

"शिष्ट चालेल. त्याला निदान रुबाब आहे."

तरी गेलो कानाचं मशीन घ्यायला. नवीन पनवेलमधल्या त्या दवाखान्यातल्या मॅडम तन्वीच्याच वयाच्या. कानावर हेडफोन घालून माझी परीक्षा घेतली आणि कागदावर घसरगुंडीसारखी रेघ दाखवली. "काका, तुमचे उंच पट्टीचे आवाज गेलेत. बायका, लहान मुलं, पाखरं."

"मी पाखरांच्या आधीच गेले असणार," बायको म्हणाली.

मॅडमनी टेबलावर नमुने मांडले. "तुम्ही हे कानामागचं घ्या. रात्री चार्जिंगला लावायचं, मोबाईललाही जोडता येतं. चार लोक एकदम बोलत असले, तरी समोरच्याचा आवाज पुढे आणतं. आणि तुम्हाला घाम फार येतो, याला घामाचा त्रास कमी."

"पण ते दिसतं."

"दिसणारच. चष्मा नाही का दिसत?"

"चष्म्याने माणूस विद्वान दिसतो, मॅडम! याने काय दिसतो?"

मॅडमनी बायकोकडे पाहिलं. बायकोने नुसता हात हलवला. गेल्या तीस वर्षांत तिने या हाताशिवाय माझ्याविरुद्ध काही वापरलेलं नाही.

मला हवं होतं ते कानाच्या भोकात आत जाऊन बसणारं, कातडीच्या रंगाचं. मॅडमनी पुन्हा बजावलं. एवढं लहान मशीन तुमच्या जाड बोटांना झेपणार नाही, सेल मुगाच्या डाळीएवढा, आवाज यायचं छिद्र सुईच्या टोकाएवढं, ते बुजलं की संपलं. मी म्हटलं, "अहो, तीस वर्षं मशिनी सांभाळल्यात!" शेवटी त्यांनी कानांचे साचे घेतले आणि आठ दिवसांत जोडी हातात दिली. आणली आणि डबीत ठेवली. रोज घालून सवय करा, असं त्या म्हणाल्या होत्या. सवय कसली करायची, मशीनला?

रविवार उजाडला. आता, नवीन मशीन म्हटलं की मला राहवत नाही. दरवर्षी दसऱ्याला कारखान्यातल्या प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावायचा मान माझा. घरी मिक्सरची पूजा झाली, गिझरची झाली, गॅसच्या रेग्युलेटरचीसुद्धा झाली. मग ही जोडी, जिच्यावर पोरीचं लग्न टांगलेलं, ती तशीच कानात घालू? पाटावर मांडली, वाटीत कुंकू कालवलं आणि अंगठ्याने दोघींना ठसठशीत मळवट भरला.

"अहो, जपून! त्याला भोक आहे म्हणाल्या होत्या ना त्या?" बायको ओरडली असावी.

वरवर पुसलं, फुंकर मारली आणि दोन्ही कानांत सारलं.

पाहुणे आले. काय सांगू, इतकी शांत, सुसंस्कृत माणसं मी जन्मात पाहिली नव्हती! मी मनात म्हटलं, याला म्हणतात टेक्नॉलॉजी. फालतू आवाज सगळे गाळून टाकले. (सगळेच आवाज फालतू ठरले होते, हे ध्यानात यायला डोकं लागतं.)

मंदाताईंनी डबा उघडला. कोलंबीचं कालवण. माझ्याकडे बघून त्यांचे ओठ हलले. मी मंद हसलो. पुन्हा हलले. सवयीने पंख्याकडे बघितलं, तर पंखा बंद! लाईट गेली होती. घामाच्या धारा लागल्या. तन्वीचा चेहरा पांढराफटक पडला. मंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं आणि पदर खोचून उठल्या.

आणि उठता उठता किंचाळल्या. (पुढचं मला तन्वीने नंतर साभिनय सांगितलं.) "आगं बाय! याचे कानानशी रगत येतंय!"

दोन्ही कानांतून लाल धार माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरत होती. निखिलच्या वडिलांनी मला सोफ्यावर आडवं पाडून पाय वर धरले. निखिल रिक्षा आणायला धावला. मला वाटलं, देण्याघेण्यावरून हाणामारी सुरू झाली! उलटा लोंबकळत मी रुबाबात म्हणालो, "हे पाहा, आपण शांतपणे बोलू."

मंदाताईंनी पदराने कान पुसायला घेतला आणि बोट आत घालून एक मशीन ओढून काढलं. बोट नाकाशी नेलं. "रगत कुटचा? कुकू हाय ह्या!"

आणि मला ऐकू आलं! मशीन निघाल्यावर! बोटीवर हाका मारून तयार झालेला आवाज होता तो, कानातलं बूच निघाल्यावर सरळ आत शिरला.

"आवो, तुमाला आयकाला येत नाय?"

तन्वी हात जोडून माझ्याकडे बघत होती. "नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

"तं तवाच सांगाचा ना! पंधरा दिस मी झोपली नाय. मना वाटला, हा मानूस आमचे ताटाला हात लावाचा नाय."

"वाढा," मी म्हणालो. "दोन वाट्या."

त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. तन्वी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी कुंकवाने माखलेल्या सदऱ्यातच कालवण ओरपलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं नव्हतं.

सोमवारी पुन्हा मॅडमसमोर. त्यांनी सुईने ती छिद्रं कोरली, कुंकू निघतच राहिलं. शेवटी त्यांनी कानामागच्यांचा ट्रे पुढे सरकवला आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, "काका, रंग कोणता देऊ?"

मी म्हटलं, "लालच द्या. दसरा जवळ आलाय."